नोटेवरची सही : चिंतामणराव देशमुख

आपल्या हिंगोलीला एक जुनी आणि अंगावर काटा आणणारी हकीगत चिकटलेली आहे. १८३० च्या आसपास येथे इंग्रज अंमलदारांच्या हाताखालच्या निजामी फौजेची छावणी होती. छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत असे. मुंबईहून कापड आणायचे आहे असे सांगून त्याने मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे परवाना मागितला आणि तो त्याला मिळालाही. वास्तविक ते कापड हरिसिंगाचे नव्हतेच. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी ते घेऊन येत होता. हरिसिंगाने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना वाटेतच ठार मारले, त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत राजरोस विकला. हा सभ्य गृहस्थ ठगांचा नायक होता, हे तो पकडला गेल्यावर त्याच्याच जबानीतून बाहेर आले. त्या काळात हिंगोलीत असलेल्या मेडोज टेलर या अधिकाऱ्याने १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ठगाच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकीगत नोंदवून ठेवली आहे.

या हकीगतीत मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट खून ही नाही. ती आहे तो परवाना. परवाना बनावट नव्हता. त्यावरची सही खरी होती. खोटा होता तो परवाना मागणारा माणूस. कागदाचा खरेपणा आणि त्यामागच्या माणसाचा खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जेथे त्या एकमेकींपासून सुटतात तेथे समाजाचा घात होतो. आपण रोज हाताळतो त्या सर्वांत महत्त्वाच्या कागदाच्या, म्हणजे चलनी नोटेच्या, बाबतीत हा प्रश्न किती खोल आहे हे पाहू लागलो, तेव्हा मला एक चरित्र सापडले. ते म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे. अर्थमंत्री म्हणून, संयुक्त महाराष्ट्रासाठी राजीनामा देणारे मराठी नेते म्हणून ते आपल्याला ठाऊक असतात. शत्रुराष्ट्राने आपल्या देशाच्या नोटा बनावट छापल्या त्या कठीण काळात नोटांचे राखणदार तेच होते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख रोह्याला वकिली करीत. मुलगा अलौकिक बुद्धीचा निघाला. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्याने पटकावली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजातून १९१७ साली निसर्गशास्त्रातील पदवी मिळवताना वनस्पतिशास्त्राचे पारितोषिकही त्यांच्याकडेच आले. १९१८ साली लंडनला आय.सी.एस.च्या परीक्षेत ते सर्वप्रथम आले. संस्कृत, वनस्पतिशास्त्र आणि राज्यकारभार असा तिहेरी पीळ या माणसाच्या बुद्धीला होता. पुढच्या आयुष्यात त्याने सांभाळले मात्र अर्थखाते, हे नवल नव्हे काय?

नोकरीची पहिली वीस वर्षे त्यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडात काढली. जमाबंदी, जिल्ह्याचा कारभार आणि पुढे प्रांताचे अर्थसचिवपद अशा पायऱ्या ते चढत गेले. १९३१ च्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागते, म्हणजे एका अर्थी ते आपले शेजारीच होते. पण त्या काळी नदीच्या दोन तीरांवर दोन वेगळी चलने होती. तिकडे इंग्रज सरकारचा कलदार रुपया, तर इकडे निजामाचा हाली सिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण भाव असे. वऱ्हाडात कापूस विकून परतणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ ठेवावा लागे.

चिंतामणराव ज्या कामावर पुढे गेले त्याचे मोल कळावे म्हणून येथे नोटांचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे. १८६१ पूर्वी आपल्याकडे बँक ऑफ बॉम्बेसारख्या इलाख्याच्या बँका नोटा काढीत. १८६१ च्या कायद्याने तो अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. राणी व्हिक्टोरियाची छबी असलेल्या त्या पहिल्या सरकारी नोटा हाताने घडवलेल्या विलायती कागदावर, एकाच बाजूला छापलेल्या असत. कागदात जलचिन्ह असे, छापील सही असे आणि प्रत्येक नोटेच्या क्रमांकाची सरकारदरबारी नोंद असे. एवढा बंदोबस्त असूनही बनावट नोटांचा असा सुळसुळाट झाला की सरकारला ती मालिका मागे घ्यावी लागली आणि १८६७ पासून नव्या घडणीच्या नोटा काढाव्या लागल्या. म्हणजे आपल्या सरकारी नोटेच्या जन्मानंतर अवघ्या सहा वर्षांत खोटी नोट खऱ्या नोटेला भारी पडली होती.

लोकांचाही या कागदावर चटकन विश्वास बसला नाही. टपालाने पैसे पाठवताना नोट मधोमध कापायची, एक तुकडा आधी पाठवायचा आणि तो पोहोचल्याचे कळले की दुसरा पाठवायचा, अशी पद्धत होती. दोन्ही तुकडे जुळले म्हणजे पैसे मिळत. चोराला अर्धी नोट सापडून उपयोग नसे. सामान्य माणसाने शोधून काढलेला हा सुरक्षेचा उपाय मला मोठा मार्मिक वाटतो.

कायद्याची गती मात्र मंद होती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत नाण्यांच्या खोटेपणाविषयी सविस्तर कलमे होती, चलनी नोटांसाठी स्वतंत्र कलमे नव्हती. ती १८९९ च्या चलनी नोटा बनावटीकरण कायद्याने आली. ४८९ अ ते ड ही चार कलमे जोडली गेली. नोट बनावट करणे, ती खरी म्हणून चालवणे, चालवण्याच्या हेतूने जवळ बाळगणे आणि ती तयार करण्याची साधने ठेवणे असे चार वेगळे गुन्हे ठरले. नोट बनवणाऱ्याला काळ्या पाण्याची शिक्षाही होऊ शके. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बनावट नोट हाती आलेल्या गरिबाला तिचे पैसे कोणीच भरून देत नसे. नोट जप्त होई आणि नुकसान ज्याच्या हातात ती शेवटी सापडली त्याचे. कापसाची गाडी विकून आलेल्या शेतकऱ्याच्या हातात अशी एक नोट पडली, तर त्याच्या पुऱ्या हंगामाची कमाई एका क्षणात रद्दी होई. म्हणूनच नोटेचे रक्षण ही सरकारी तिजोरीपेक्षा साध्या माणसाच्या घामाची बाब आहे.

आपल्याकडच्या मुलखात कागदी चलन आले ते १९१८ साली. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा हैदराबाद संस्थानाने स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांच्यावर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडी मजकूरही असे. या नोटा सुरुवातीला लंडनच्या वॉटरलो कंपनीने छापल्या. याच कंपनीच्या वाट्याला पुढे एक जगप्रसिद्ध फजिती आली. १९२५ साली पोर्तुगालमध्ये आल्व्हेस रेइस नावाच्या भामट्याने बँक ऑफ पोर्तुगालच्या नावाने खोटे करारनामे तयार केले आणि वॉटरलो कंपनीकडूनच पाचशे एस्कुदोंच्या नोटा छापून घेतल्या. ठसे खरे, छापखाना खरा. हुकूम तेवढा खोटा! त्या नोटा पारखून ओळखणे कोणालाच शक्य नव्हते. एकाच क्रमांकाच्या दोन दोन नोटा सापडल्या तेव्हा कोठे बिंग फुटले. बँकेने कंपनीवर भरलेला दावा १९३२ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायासनापुढे, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. हिंगोलीच्या परवान्याची गोष्ट शंभर वर्षांनी लंडनला पुन्हा घडली, असेच म्हणावे लागेल.

इकडे हिंदुस्थान सरकारने नोटांची छपाई हळूहळू मायदेशी आणली. १९२८ साली नाशिकला नोटांचा छापखाना सुरू झाला. त्यापूर्वी सरकारी नोटा बँक ऑफ इंग्लंडच्या छापखान्यातून येत. १९३२ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या सर्व किमतींच्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. पुढे हैदराबादच्या नोटाही तेथेच तयार होऊ लागल्या. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक स्थापन झाली आणि नोटा काढण्याचे काम तिच्याकडे गेले. बँकेच्या स्वतःच्या पहिल्या नोटा १९३८ साली निघाल्या. त्यांवर सहावा जॉर्ज राजा होता आणि सही होती गव्हर्नर जेम्स टेलर यांची.

चिंतामणराव या बँकेत आले ते जुलै १९३९ मध्ये. बँक आणि सरकार यांच्यात दुवा ठेवणारे अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. दोनच महिन्यांनी दुसरे महायुद्ध पेटले. थोड्याच अवधीत ते बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले, १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये टेलर पदावर असतानाच निवर्तले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणराव गव्हर्नर झाले. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नराची म्हणून नोटेवर उमटलेली पहिली भारतीय सही त्यांची.

तो काळ कसा होता? ब्रह्मदेश जपानने घेतला होता. चांदीची टंचाई होती. १९४० साली एक रुपयाची नोट पुन्हा काढावी लागली होती आणि मार्च १९४३ मध्ये दोन रुपयांची नोट नव्याने आली होती. खेड्यापाड्यातला माणूस, ज्याने आजवर चांदीचा रुपया दगडावर आपटून त्याचा नाद ऐकला होता, त्याच्या हातात आता कागद पडत होता. कागदाला नाद नसतो. तो ओळखायचा कसा? आणि नेमक्या याच वेळी जपानने भारतीय नोटांच्या उत्तम प्रतीच्या नकला तयार केल्या.

पूर्वीचे खोटे नोटवाले म्हणजे एखादा कसबी कारागीर, एखादा छापखानेवाला, फार तर एखादी टोळी. त्यांना पोलीस पकडू शकत. येथे तर एक संपूर्ण राज्यसत्ता आपली यंत्रे, आपले रसायनतज्ज्ञ आणि आपला पैसा घेऊन नोटा बनवायला बसली होती. युरोपातही हेच चालले होते. जर्मनीने छळछावणीतल्या कैद्यांना राबवून इंग्लंडचे पौंड इतके हुबेहूब छापले की बँक ऑफ इंग्लंडला आपल्या मोठ्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. शत्रूच्या देशात बाँब टाकण्याऐवजी नोटा टाकायच्या, म्हणजे माणसे न मरता त्यांचा एकमेकांवरचा विश्वास मरतो, हा त्यामागचा विचार. अशा गुन्हेगाराला बेड्या कोण घालणार? मग एकच उपाय उरतो. नोटच अशी करायची की तिची नक्कल अवघड व्हावी.

रिझर्व्ह बँकेने तेच केले. नोटेच्या कागदातले जलचिन्ह बदलले. आधी राजाचा चेहरा एका बाजूने दिसे, तो आता समोरून दिसू लागला. समोरचा चेहरा कागदात उमटवणे अधिक कठीण असते. जलचिन्ह म्हणजे शाईने काढलेले चित्र नव्हे. कागदाचा लगदा ओला असतानाच कोठे जाड तर कोठे पातळ ठेवून ते घडवले जाते, आणि नोट उजेडासमोर धरली की छायाप्रकाशातून उमटते. सावली जितकी बारीक आणि भरगच्च, तितकी नक्कल अवघड. दुसरा उपाय म्हणजे सुरक्षा धागा. भारतीय नोटेत तो याच काळात प्रथम आला. कागद तयार होत असतानाच हा धागा लगद्यात घातला जातो. म्हणून खोटे करणाऱ्याला नुसती छपाई येऊन भागत नाही, त्याला कागदही गिरणीसारखाच बनवता यावा लागतो. १९४३ सालीच दंडसंहितेत ४८९ ई हे कलम आले आणि नोटेसारखा दिसणारा कोणताही कागद, मग तो जाहिरातीसाठी का असेना, छापणे गुन्हा ठरले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे उपाय चिंतामणरावांनी एकट्याने शोधले नाहीत. कागद करणारे, ठसे कोरणारे, नाशिकचे कामगार, नोटा मोजणारे कारकून या सर्वांचे ते काम होते. पण त्या कामाची जबाबदारी ज्या एका सहीने घेतली ती त्यांची होती. धारकाला इतके रुपये देईन, असे वचन नोटेवर असते आणि ते वचन देणारा मी म्हणजे गव्हर्नर असतो. शत्रू नक्कल करीत होता ती या सहीची.

पण मित्रहो, मला या चरित्रातला खरा पेच येथून पुढेच दिसतो. बनावट नोटा देशाचे नुकसान करतात हे खरे. मग खऱ्या नोटांचे काय? युद्धकाळात चलनातल्या नोटा जवळजवळ सहा पटींनी वाढल्या. इंग्लंडला युद्धासाठी हिंदुस्थानातून धान्य, कापड, पोलाद हवे होते. त्याची किंमत लंडनला पौंडांच्या रूपाने आपल्या नावावर जमा होई आणि त्या हिशेबावर येथे रुपयांच्या नोटा छापल्या जात. माल देशाबाहेर आणि नोटा देशात, मग महागाई भडकणार नाही तर काय होणार? १९४३ साली बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. त्या दुष्काळाची कारणे अनेक आहेत, पण कागदी पैशाने फुगलेले भाव हे त्यांतले एक मोठे कारण होते. जलचिन्ह खरे, धागा खरा, सहीसुद्धा खरी, आणि तरीही त्या नोटेला तांदूळ मिळत नव्हता.

कोणी म्हणेल, की मग चिंतामणराव परक्या सरकारच्या अन्यायाचे भागीदारच नव्हते काय? हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. नोटा किती छापाव्यात हे युद्ध चालवणारे सरकार ठरवीत होते. गव्हर्नराला ते थांबवता येत नव्हते, आणि पदावर राहून त्यांनी त्या व्यवस्थेला हातभार लावला, हेही तितकेच खरे. त्यांना १९४४ साली सरकारने सर ही पदवी दिली आणि त्यांनी ती घेतली. पण माझ्या मते त्यांचे मोजमाप करताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लंडनमध्ये साचलेले आपले पौंड बुडू नयेत यासाठी आपल्या देशाला झगडावे लागले. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जगाच्या पैशाची नवी घडी बसवणारी परिषद भरली. तेथे गेलेल्या भारतीय प्रतिनिधींत चिंतामणराव होते. पारतंत्र्यात असलेल्या देशाच्या प्रतिनिधींनी या थकबाकीचा प्रश्न तेथे मांडला. परिषदेने तो मानला नाही, पण जगासमोर ती मागणी नोंदली गेली. ते सगळे येणे सतराशे कोटी रुपयांच्या घरात गेले होते. भारतातल्या उपाशी माणसांनी इंग्लंडला दिलेले ते कर्जच होते.

युद्ध संपल्यावर १२ जानेवारी १९४६ रोजी सरकारने वटहुकूम काढून पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. काळ्या बाजारातला पैसा पकडावा हा हेतू. बँकेला याच्या यशाविषयी फारशी खात्री नव्हती आणि झालेही तसेच. १४३.९७ कोटी रुपयांच्या अशा नोटांपैकी १३४.९ कोटींच्या नोटा १९४७ अखेरपर्यंत बदलून नेल्या गेल्या. खोटी नोट ओळखता येते, पण खऱ्या नोटेचा खोटा मालक ओळखणे किती अवघड आहे हे त्या प्रसंगाने दाखवले. हरिसिंगाचा परवाना आठवावा.

मग फाळणी झाली. काही काळ रिझर्व्ह बँक दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. पाकिस्तानसाठी बँकेच्याच नोटा नाशिकला पाकिस्तान सरकारची जादा मोहोर उठवून छापल्या गेल्या. याच सुमारास आपल्या मुलखात निराळेच नाटक चालले होते. १९४७ च्या अखेरीस निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात कायदेशीर मानण्याचे बंद केले, आणि वीस कोटी रुपयांचे भारत सरकारचे रोखे पाकिस्तानला कर्ज म्हणून देऊ केले. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्याच राज्यात. चिंतामणरावांच्या सहीची अस्सल नोट पैनगंगेच्या अलीकडे कायद्याने चलन राहिली नाही! १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले आणि पन्नासच्या दशकात हाली सिक्का हळूहळू व्यवहारातून गेला. त्या दशकाच्या पहिल्या सहा वर्षांत देशाचे अर्थमंत्री चिंतामणरावच होते.

१ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षीच्या जूनअखेर चिंतामणराव गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. रिझर्व्ह बँकेच्या अशोकस्तंभाच्या नोटा आल्या त्या त्यांच्यानंतर. म्हणजे पहिल्या भारतीय गव्हर्नराची सही राजाच्या चित्राखालीच राहिली. याचे त्यांना काय वाटत असेल हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

१९५० मध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले. १९५२ च्या निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १९५५ साली स्टेट बँक निर्माण झाली, १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारकडे आला. एवढे सगळे हातात असताना त्याच वर्षी त्यांनी मंत्रिपद सोडले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर झाला आणि मुंबईतील गोळीबारांची न्यायालयीन चौकशीही नाकारली गेली, हे त्यांना मान्य नव्हते. ज्या मुखत्यारीने निर्णय घेतला गेला ती मुखत्यारीच त्यांच्या मते सदोष होती. वॉटरलो कंपनीला खोटा हुकूम ओळखता आला नव्हता. चिंतामणरावांसमोरचा हुकूम खोटा नव्हता, पण योग्य वाटेने आलेला नव्हता, आणि त्यावर सही करायला ते तयार झाले नाहीत. इंग्रजी अमदानीत त्यांना जे करता आले नाही किंवा त्यांनी केले नाही, ते स्वराज्यात त्यांनी केले. त्यांच्या चाकरीवर आक्षेप घेणाऱ्याने हा राजीनामाही त्याच तराजूत घालावा.

पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. आपल्यासारख्या महाविद्यालयांचा ज्या आयोगाशी कायमचा संबंध येतो त्याला १९५६ च्या कायद्याने रूप आले तेव्हा पहिली घडी त्यांनीच बसवली. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते पराभूत झाले. या सगळ्या धबडग्यात त्यांचे संस्कृत सुटले नाही. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणले आणि गांधीजींची शंभर वचने संस्कृत श्लोकांत बांधली. मला हेही त्याच स्वभावाचे लक्षण वाटते. अनुवाद म्हणजे मुळाशी इमान राखून केलेले दुसरे रूप. बनावट माल मूळ लपवतो, अनुवाद मुळाचे ऋण मान्य करतो.

१९५३ साली त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला. दोघांनाही १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. अखेरची वर्षे त्यांनी हैदराबादला काढली. ज्या शहराची नोट एके काळी आपल्या हिंगोलीत चाले, त्याच शहरात २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, त्यांचे निधन झाले.

आज नोटेवर गांधीजींचे चित्र आहे. जुन्या दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली असून बनावट नोटांचे गुन्हे तिच्या १७८ ते १८२ या कलमांत आले आहेत. कलमांचे क्रमांक बदलले, यंत्रे बदलली, तरी नोट उजेडासमोर धरून पाहण्याची रीत तीच राहिली आहे. आपण जलचिन्ह पाहतो, धागा पाहतो आणि नोट खिशात घालतो. खालच्या सहीकडे सहसा कोणी पाहत नाही. ती सही करणारा माणूस कोणता हुकूम मानतो आणि कोणता मानत नाही, हे उजेडासमोर धरून दिसत नाही. त्यासाठी त्याचे चरित्रच वाचावे लागते.